प्रवेश साऱ्या घराचा

दिवाळीच्या आधी एका रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, जरा वेळ आहे का?" अशी त्याने सुरुवात केली की निदान तासभर तरी जातो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मी दुधाखालचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

त्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. अभ्यासात चांगला. सायन्सला घालायचे, बऱ्यापैकी क्लास बघायचा, एवढे घरात जवळजवळ ठरलेले होते. आणि परवा जेवताना चिरंजिवांनी जाहीर केले, की मला मुळशीच्या त्या आंतरराष्ट्रीय कॉलेजात जायचे आहे. "सगळ्या जगातली मुलं असतात म्हणे. राहायचंही तिथंच. आता घरापासून तासाभरावर वसतिगृह कशाला, हे मला काही कळत नाही. पण तू तुझ्या मुलीला अशाच शाळेत घातलं होतंस ना? मावशी, खरं सांग. बरं केलंस की चुकलीस?"

दहा वर्षांत हा प्रश्न मला इतका सरळ कुणी विचारला नव्हता. नातेवाईक विचारत ते फीबद्दल. शेजारी विचारत ते मुलगी तिकडे काय खाते याबद्दल. मी भाच्याला म्हटले, "फोनवर नको. रविवारी गाडी काढ, आपण तिकडे जाऊन येऊ. वाटेत बोलू."

टेकडीवरचे वाडे

चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम करत आम्ही पिरंगुटला आलो. तिथे एका वळणावर मी उगाचच डावीकडे पाहिले. तिथे आमचा प्लॉट होता. निवृत्तीनंतर छोटे घर बांधू म्हणून यजमानांनी घेतलेला. मुलीच्या शिक्षणासाठी तो विकला. आता तिथे चार मजली इमारत उभी आहे आणि खाली हार्डवेअरचे दुकान आहे. भाच्याला हे माहीत होते. तो काही बोलला नाही.

पौडच्या पुढे कोळवणच्या रस्त्याला खुबवली हे लहानसे गाव लागते. तिथल्या टेकडीवर १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. नावात कॉलेज असले तरी ते पदवीचे नव्हे. आपल्याकडच्या अकरावी-बारावीची दोन वर्षे, एवढाच त्याचा आवाका. सोळा ते एकोणीस वयाची, अनेक देशांतून आलेली दोनशेहून अधिक मुले-मुली तिथे राहून शिकतात. अमेरिकेत जन्मून पुण्याचेच होऊन गेलेले वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी या इमारती रचल्या. ते २०२४ साली निवर्तले. काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, मध्ये चौक. आणि मुलांच्या राहण्याच्या घरांच्या समूहाला तिथे काय म्हणतात? 'वाडा'! शनिवार-सदाशिव पेठेतले वाडे पडत असताना मुळशीच्या टेकडीवर परदेशी मुले "मी अमक्या वाड्यात राहतो" असे सांगतात, याची मला मोठी गंमत वाटते.

या कॉलेजमागे एक जुनी कहाणी आहे. कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षक होते. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर ते ब्रिटनला गेले आणि तिथे त्यांनी नव्याने शाळा काढली. दोन महायुद्धे पाहिलेल्या या माणसाला वाटे, की निरनिराळ्या देशांची मुले ऐन वाढीच्या वयात एकत्र राहिली, एकत्र राबली, तर पुढे एकमेकांवर बंदूक रोखताना निदान त्यांचा हात अडखळेल. त्या विचारातून १९६२ साली वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात पहिले अटलांटिक कॉलेज निघाले. आज जगात अशी अठरा शाळा-कॉलेजे आहेत. त्यांतले भारतातले एकच, आणि ते आपल्या मुळशीत.

आता भाच्याच्या शंकेचे उत्तर मिळते. पुण्याच्या मुलालाही तिथे राहावेच लागते, कारण वर्ग हा तिथल्या शिक्षणाचा एक भाग आहे, तर खोली हा दुसरा. ज्याच्या देशाशी आपल्या देशाचे पटत नाही अशा मुलाबरोबर कपाट वाटून घेणे, त्याची प्रार्थनेची वेळ सांभाळणे, त्याच्या घोरण्यावर तोड काढणे, हाही अभ्यासच. रोज घरी येऊन तो होत नाही.

पाटीवरचा शब्द

पण 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फार फसवा आहे. पौड रस्त्याने येताना आम्ही सहज मोजायला लागलो, तर 'इंटरनॅशनल' लिहिलेल्या शाळांच्या पाट्या मोजता मोजता गणती चुकली. पाटीवर हा शब्द असला म्हणजे आत जगातला अभ्यासक्रम असतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी तो सीबीएसईचा असतो. त्यात वाईट काही नाही, पण आपण काय घेतो आहोत हे कळायला हवे.

मुळशी तालुक्यातच पाहा. हिंजवडीही मुळशीचीच, हे पुष्कळ पुणेकरांच्या लक्षात नसते. तिथे १९९८ साली मर्सिडीझ-बेंझच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली, ती मुख्यतः नोकरीसाठी परदेशातून इथे येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी. आज जर्मनीत, उद्या इथे, परवा आणखी कुठे, अशा मुलांना अभ्यासक्रम सगळीकडे एकच लागतो. खुबवलीच्या कॉलेजचा हेतू त्याहून वेगळा. आणि ज्या शाळेने केवळ पाटी बदलली, तिचा आणखी वेगळा.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो असा : दोन वर्षांनंतर माझ्या मुलाच्या हातात पडणारे प्रमाणपत्र कोणाचे? आयबीचे, केंब्रिजचे, की आपल्याच एखाद्या मंडळाचे? आयबी म्हटले तर शाळेला त्या संस्थेची मान्यता मिळालेली आहे, की अर्ज करून ती 'उमेदवार' म्हणून थांबली आहे? मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबी स्वतः ठेवते. ती कुणालाही पाहता येते. आम्ही त्या वेळी माहितीपत्रकावरचा घोड्यांचा तबेला पाहिला. यादी पाहिली नाही.

सहा विषय आणि एक बंद दार

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट. ही संस्था १९६८ साली जिनीव्हात स्थापन झाली. भारतात तिचा पदविका अभ्यासक्रम पहिल्यांदा आला तो १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेत. खुबवलीलाही हाच शिकवतात.

त्याची रचना सोपी आहे, पण आपल्या सवयीची नाही. मुलाने सहा विषय घ्यायचे. एक आपल्या भाषेतले साहित्य, एक दुसरी भाषा, एक इतिहास-अर्थशास्त्रासारखा समाजाचा विषय, एक विज्ञान, गणित, आणि सहावा एखादी कला किंवा तिच्याऐवजी वरच्यांपैकीच आणखी एक. यांतले सहसा तीन वरच्या पातळीवर, तीन साध्या. प्रत्येक विषयाला सातपैकी गुण, म्हणजे बेचाळीस. शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र शोधनिबंध आणि 'ज्ञान म्हणजे काय' याचा विचार करायला लावणारा एक विषय, या दोन्ही मिळून तीन. एकूण पंचेचाळीस. पदविकेसाठी किमान चोवीस गुण लागतात, शिवाय काही अटीही असतात. कला, शरीरश्रम आणि सेवा यांचे काम दोन वर्षे करावेच लागते. त्याला गुण नाहीत, पण ते पुरे केले नाही तर पदविका नाही.

ऐकायला हे सुरेख वाटते आणि आहेही. आमची मुलगी सायन्सबरोबर इतिहास शिकली. आपल्याकडे दहावीनंतर ज्या विषयाचे पुस्तक रद्दीत जाते, तो तिचा आवडता विषय झाला. पण याच रचनेत आम्ही अडखळलो, ते सांगते.

भाषा दोन, समाजाचा विषय एक, गणित एक. हे चार सक्तीचे. मग विज्ञानाला जागा उरल्या दोन. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा भौतिक आणि रसायन घेऊ शकतो, गणित असतेच. त्याचे भागते. पण भारतात डॉक्टर व्हायचे तर भौतिक, रसायन आणि जीव असे तिन्ही लागतात. नेहमीच्या रचनेत तीन विज्ञाने बसतच नाहीत. त्यासाठी आयबीकडून आधी वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती शाळेमार्फत सुरुवातीलाच मागावी लागते.

हे आम्हाला माहीत नव्हते. ऑगस्ट २०१४ मध्ये ती दाखल झाली. दुसऱ्या राज्यातली शाळा होती ती. तिचे नाव इथे कामाचे नाही. पहिल्याच आठवड्यात विषयनिवडीचा कागद घरी आला. मुलीने जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांवर खूण केली, भौतिक सोडले. यजमानांनी सही केली. कोणत्या निवडीने पुढचे कोणते दार बंद होते, याची एक ओळ त्या कागदावर नव्हती आणि आम्हीही विचारले नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने फोनवर सांगितले, "आई, मला डॉक्टर व्हायचंय." तोपर्यंत उशीर झाला होता. २०१६ साली 'नीट' देशभर सक्तीची झाली आणि आमच्या मुलीला त्या परीक्षेला बसताच येत नव्हते. त्या रात्री यजमान गॅलरीत बसून राहिले. "सही मी केली होती," एवढेच म्हणाले.

असे नियम बदलत असतात. म्हणून ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत. भारतीय विद्यापीठ संघाने आयबीची पदविका बारावीच्या बरोबरीची मानलेली आहे, हे खरे. त्यामुळे "आपल्याकडे चालत नाही" ही अफवा मनातून काढून टाकावी. पण बरोबरीची असणे निराळे आणि हव्या त्या शाखेला चालणे निराळे. तिथे विषय पाहतात. वेळेचाही मेळ पाहावा लागतो. परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तोवर आपल्याकडच्या काही कॉलेजांची यादी लागून गेलेली असते. शिवाय जेईई, नीट, सीईटी या परीक्षांची तयारी आयबीच्या अभ्यासात आपोआप होत नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. फार थकतात बिचारी.

म्हणजे प्रवेशाच्या दिवशीच उलट्या बाजूने हिशेब मांडायचा. दोन वर्षांनंतर कोणकोणती दारे उघडी राहायला हवीत? त्यांना कोणते विषय लागतात? सोळाव्या वर्षी मुलाला सगळे ठरलेले असणार नाही, आणि ते ठीकच आहे. पण एखादे दार बंद करायचे तर ते माहीत असून करावे.

पैशांची गोष्ट

भाच्याने गाडीत हा विषय तीनदा काढला आणि तीनदा सोडला. आपल्या घरांतून पैशांबद्दल बोलणे जरा कमीपणाचे मानतात. पण न बोलल्याने प्लॉट विकावे लागतात.

अशा निवासी शाळांची फी वर्षाला लाखांच्या घरात असते. त्या वर्षीचा आकडा लेखी मागावा आणि त्याखाली आणखी एक यादी करावी : परीक्षाशुल्क, संगणक, पुस्तके, येण्याजाण्याचा खर्च, आजारपण, सहली. मग त्याहून मोठा प्रश्न. पुढे काय? या शाळांतली पुष्कळ मुले पदवीला परदेशी जायची स्वप्ने पाहतात, कारण आजूबाजूचे सगळे तेच बोलत असतात. म्हणजे खर्च दोन वर्षांचा नव्हे, पाच-सहा वर्षांचा. आम्ही दोन वर्षांचा मांडला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांचे धोरण असे, की निवड आधी मुलाची पाहून करायची आणि मदत घरच्या परिस्थितीप्रमाणे द्यायची. कुणाला पूर्ण शिष्यवृत्ती, कुणाला थोडी, कुणाला काहीच नाही. त्यामुळे "ते श्रीमंतांचं, आपलं नव्हे" असे म्हणून परस्पर पान उलटू नये. या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलांना अमेरिकेतल्या शंभराच्या आसपास महाविद्यालयांत गरजेप्रमाणे मदत करणारी डेव्हिस शिष्यवृत्ती २००० सालापासून आहे. मात्र ती अमेरिकेपुरती आणि ठराविक महाविद्यालयांपुरती, हे ध्यानात ठेवावे. भारतातल्या मुलांसाठी युनायटेड वर्ल्ड कॉलेजांची एक राष्ट्रीय निवड समिती आहे. आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. दहावीचा निकाल हातात आल्यावर चौकशीला जाणारे पालक वर्षभर उशिरा पोहोचलेले असतात.

मराठीचे काय?

आमच्या घरात हा प्रश्न आजीने विचारला होता. "तिथं मराठी बोलायला कुणी असेल का गं?" आम्ही हसण्यावारी नेले.

मागाहून कळले, की ज्या मुलाच्या मातृभाषेचा शिक्षक शाळेत नसतो त्याला शाळेच्या देखरेखीखाली आपल्या भाषेतले साहित्य स्वतःचे स्वतः अभ्यासण्याची सोय आयबीत आहे. मराठीसाठी ते जमेल का, हे शाळेला आधीच विचारायला हवे होते. आम्ही विचारलेच नाही. 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे इंग्रजी, असे आम्हीच धरून चाललो. अप्पा बळवंत चौकातून पाच-सहा कादंबऱ्या घेऊन पोस्टाने पाठवायला मला किती आनंद झाला असता!

मराठी शाळेतून जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मात्र मी धीर देईन. पहिली तीन-चार महिने जड जातात. वर्गात सगळे कळते, पण तोंडातून वाक्य बाहेर येईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. हुशार म्हणून नावाजलेले मूल एकदम गप्प होते. त्या दिवसांत फोनवर "मार्क किती?" असे विचारू नये. "आज कुणाशी बोललास?" असे विचारावे. शाळेलाही विचारावे, की अशा मुलांसाठी तुम्ही काय करता? रात्री ताप आला तर कोण बघते? मन लागले नाही तर कुणाकडे जायचे? या वयाची मुले-मुली एका आवारात राहतात, तिथे मोकळीक किती आणि शिस्त कोणती? हे विचारायला लाजू नये. चांगली शाळा अशा प्रश्नांनी चिडत नाही.

खालचे गाव

वेळ आधी ठरवली होती, त्यामुळे आम्हाला आत जाता आले. येताना खालच्या वस्तीजवळ चहाला थांबलो. भातकापणी उरकत आली होती. टपरीवरच्या बाईंना भाच्याने विचारले, "वरची पोरं येतात का इथं?"

"येत्यात की. लई ग्वाड बोलत्यात. 'ताई, चहा' एवढं म्हराटी येतं समद्यांना," त्या म्हणाल्या.

हे मुळशी खोरे बाहेरच्यांना नवे नाही. मुंबईच्या विजेसाठी इथे टाटांचे धरण झाले तेव्हा १९२१ साली सेनापती बापट या मावळ्यांच्या बाजूने सत्याग्रहाला उभे राहिले. नंतर फार्म हाऊसचे प्लॉट आले, कंपन्या आल्या, शाळा आल्या. टेकडीवर जगभरची मुले सेवेचे धडे घेतात, तेव्हा खालच्या गावाकडे कशी पाहतात, हे पालकांनी जरूर पाहावे. गाव म्हणजे वहीत नोंदवायचे तास, की शेजारी? मुलाला कोणती नजर मिळणार आहे, हे त्यावरून कळते. आमच्या मुलीला ती नजर मिळाली. डॉक्टर ती झाली नाही. परदेशात जीवशास्त्र शिकली, मग सार्वजनिक आरोग्य. आज विदर्भात खेड्यापाड्यांतून कुपोषणावर काम करते. हे श्रेय शाळेचे किती आणि तिचे स्वतःचे किती, हे मी वाटून देऊ शकत नाही. पण त्या शाळेशिवाय हे झाले असते, असेही मला म्हणवत नाही.

आजी गेली तेव्हा मात्र ती दूर होती. परीक्षेचा दुसरा पेपर होता. आम्ही चार दिवस कळवले नाही. त्याबद्दल तिने आम्हाला अजून पुरते माफ केलेले नाही. अशा गोष्टी कोणत्याच माहितीपत्रकात नसतात. म्हणून म्हणते, प्रवेश एकट्या मुलाचा नसतो. साऱ्या घराचा असतो. ताटे कमी वाढायची सवय घराला लागते. आणि दोन वर्षांनी जे मूल परत येते त्याच्या बरोबर ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

"मग बरं केलंस की चुकलीस?" भाच्याने परतीच्या वाटेवर पुन्हा विचारले.

मी म्हटले, "पाठवलं ते बरं केलं. पण न विचारता पाठवलं, ते चुकलं. शाळेला विचारलं नाही, आणि तिलाही नीट विचारलं नाही. तू दोघांना विचार."

चिरंजीव मागच्या सीटवर कानांत काही घालून बसले होते, म्हणजे ऐकत नसावेत असा आमचा समज. पिरंगुटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने ते काढले आणि हळूच मला म्हणाला, "मावशीआजी, एक विचारू? मी गेलो तर बाबांना करमेल का?"

भाचा समोर बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला तरी त्याच्या लक्षात आले नाही. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला तेव्हा कुठे गाडी हलली.